मामीच्या गिरणीतलं दोन उखळांचं कांडप मशीन : तीन हंगाम वापरल्यावर

मशीनबद्दल लिहायच्या आधी मामीच्या गिरणीच्या भिंतीवरच्या, पुराचं पाणी कुठवर आलं ते दाखवणाऱ्या तीन रेघा सांगते. पहिली 2005 ची, मामांनी हिरव्या ऑइलपेंटनं ओढलेली, गुडघ्याएवढी. दुसरी 2019 च्या ऑगस्टची, माझ्या छातीला लागते. तिसरी 2021 च्या जुलैची, ती बघायला मान वर करावी लागते. कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठावर माझं आजोळ आहे. यमगर्णीच्या पुलावर पाणी येऊन पुणे-बेंगळूर हायवे बंद पडला, ही बातमी टीव्हीवर दिसायच्या आधीच आमच्या गावात गिरणीच्या पायरीला पाणी लागलेलं असतं.

मिरची कांडपाच्या मशीनचे व्हिडिओ मी 2021 च्या पुरानंतर ढिगानं बघितले. तासाला किती किलो, किती एचपी, चटणीला रंग कसा येतो, सगळं सांगतात. पाणी आलं तर यातलं काय आणि किती वेळात सोडवता येतं, हे एकानंही सांगितलं नाही. नदीकाठच्या माणसाला पहिला प्रश्न तोच असतो. म्हणून मुख्यतः त्यावर लिहितेय.

मामी लग्न होऊन आली तेव्हा निपाणीच्या कारखान्यासाठी घरी विड्या वळायची. 1994 साली मामांनी पिठाची गिरण टाकली. 2016 ला मामा गेले आणि गिरण मामीच्या अंगावर आली. दळायच्या दगडाला छिन्नीनं टाके घालण्यापासून पट्टा चढवण्यापर्यंत सगळं ती स्वतः करते. आई गेल्यावर माझी पाचवी ते दहावी या घरात झाली, त्यामुळं मामी ही माझ्यासाठी नुसती मामी नाही, एवढं सांगून पुढं जाते.

2019 च्या पुरानंतर आम्ही चुका केल्या. पाणी ओसरल्यावर मोटर बाहेर काढली, पुसली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि चालू केली. चालू करा म्हणून घाई करणारी मीच होते. माझी सुट्टी संपत आली होती आणि परत बेळगावला जाण्याआधी गिरणीचा आवाज ऐकायचा होता. वाइंडिंग, म्हणजे मोटरीच्या आतलं तारेचं वेटोळं, जळालं. पुरात भिजलेल्या मोटरीच्या आत बारीक गाळ बसलेला असतो, तो उन्हानं जात नाही. मोटर उघडून, स्वच्छ पाण्यानं धुऊन, भट्टीत सुकवून, मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून एक मेगाओमच्या वर आकडा आल्याशिवाय करंट द्यायचा नसतो. हे मला आमच्या फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, फिटरनं नंतर सांगितलं. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात एका फाउंड्रीत मी हिशेब बघते, चारी बाजूंना मोटरी फिरत असतात, पण विचारायचं सुचलं नाही. मग घाईघाईनं एक जुनी मोटर घेतली आणि होतं तसंच, होतं तिथंच सगळं परत बसवलं. दोन वर्षांत पाणी पुन्हा आलं.

2021 ला 23 जुलैच्या पहाटे मामी नातीला घेऊन शाळेत आसऱ्याला गेली. परत आली तेव्हा गिरणीत वीतभर चिखल होता. मामांच्या वेळच्या जुन्या कांडपाची लाकडी चौकट फुगून फाकली होती, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) उखळांना गंज चढला होता. सरकारकडून घरच्या सामानापायी दहा हजार आले. अर्ज कानडीत होता, तो नातीनं भरला. नातेवाइकांनी आपापल्या परीनं केलं. कुणी तांदूळ आणला, कुणी चादरी, कुणी भांडी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तेव्हा त्याचीच गरज होती. पण गणपतीत मी गेले तर मामीनं कपाट उघडून दाखवलं. अकरा नवी लुगडी होती.

"लुगडी अकरा झाली गं," म्हणाली, "पण सकाळी उठून जायाचं कुठं?"

त्या रात्री मी वहीत पहिल्यांदा आकडे मांडले.

गिरण आधी चालू केली, कारण तिचा पैसा रोजचा. दगड उघडून धुतले, आठ दिवस वाळवले, टाके घातले, पहिलं दहा किलो धान्य नुसतं दगड साफ व्हायला दळलं आणि ते म्हशींना घातलं. मोटर रिवाइंडिंगला निपाणीत नंबर लागेना. नदीकाठचे सगळे पंप, सगळ्या गिरणी एकाच वेळी दुकानात आलेल्या. मी ती टेम्पोत घालून बेळगावला आणली. शेवटी गिरण फिरली, पण पिठाला गिऱ्हाईक कुठं होतं? ज्यांची जोंधळ्याची पोती भिजून कुजली त्यांनी दळायला काय आणायचं? रेशनचा तांदूळ दळावा लागत नाही. दिवसाला शंभर-दीडशेच्या वर गल्ला जाईना. पूर फक्त मामीच्या गिरणीत शिरला नव्हता, तिच्या गिऱ्हाइकांच्या घरातही शिरला होता. हे मला तेव्हा उमगलं, आणि मिरचीच्या हंगामाकडं लक्ष गेलं. शिमग्याच्या आधीपासून मिरगापर्यंत आमच्याकडं घरोघरी वर्षाची चटणी होते. उपाशी राहतील पण चटणीशिवाय राहायचे नाहीत. म्हणजे फेब्रुवारीच्या आत कांडप उभं राहायला हवं होतं.

आता मशीन.

उद्यमबागेतल्याच एका छोट्या वर्कशॉपमधून बनवून घेतलं. दोन उखळं, लोखंडी अँगलची चौकट, तीन एचपीची सिंगल फेज मोटर. शाफ्टवरचे क्याम, म्हणजे एका बाजूला फुगलेल्या चकत्या, मुसळ उचलतात आणि सोडतात, मुसळ आपल्या वजनानं उखळात पडतं. यात सगळी गंमत त्या पडण्याची आहे. पल्वरायझरमध्ये (वेगानं बारीक करणाऱ्या मशीनमध्ये) मिरची भरकन फिरते, तापते, आणि तापलेल्या चटणीचा वास उडतो, रंग काळवंडतो. कांडपात ती कुटली जाते, खोबऱ्याचं आणि तिळाचं तेल हळूहळू सुटून मिरचीत मुरतं. वेळ लागतो. दोन्ही उखळं भरली तर तासाला आठ-नऊ किलो, त्याच्या वर नाही. वर्कशॉपवाल्यानं बारा सांगितले होते. बारा निघतात, पण जाडी-भरडी. आमच्याकडच्या बायका चटणी चिमटीत धरून बघतात, त्यांना ते चालत नाही.

ब्याडगी आणि संकेश्वरी या दोन मिरच्यांना मशीन वेगवेगळं वागतं. ब्याडगी सुरकुतलेली, नीट वाळलेली नसली तर मुसळाखाली चामड्यासारखी दबते आणि कडेला चिकटते. संकेश्वरी बारीक, कडक, लगेच फुटते, पण तिचा खकाणा सगळ्या गिरणीभर होतो. मामीनं तिची पद्धत बसवली आहे. आधी निम्मी संकेश्वरी, मग ब्याडगी, मग भाजलेले धणे, तीळ, दगडफूल, नाकेश्वर, लवंग, हळकुंड. तळलेला कांदा आणि लसूण शेवटी, मीठ त्याच्याबरोबर. कांदा आधी टाकला तर लगदा होतो आणि मुसळ अडकतं. हे मशीनच्या कागदावर कुठंही लिहिलेलं नाही.

उखळांबद्दल मुद्दाम सांगते. वर्कशॉपवाला बिडाची देत होता. मी स्टेनलेस स्टीलची मागितली, त्याचे नऊ हजार जास्त गेले. मामी त्या नऊ हजारांवर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण बीड पुरात बुडालं की गंज धरतं, घासून काढलं तरी पहिल्या चार घाण्यांना लोखंडाची चव लागते, आणि गावात एकदा तशी बोलवा झाली की गिऱ्हाईक दुसऱ्या गावाला जातं. शिवाय आमच्या भागात जैन घरं पुष्कळ आहेत. त्यांची बिनकांद्या-लसणाची चटणी मामी सकाळी पहिल्यांदा करते, आदल्या रात्री उखळ गरम पाण्यानं धुऊन कोरडं करून ठेवते. स्टीलला लसणाचा वास राहत नाही. पलीकडच्या दोन गावांतून केवळ एवढ्यासाठी बायका येतात. त्यातल्या निम्म्या कानडी बोलणाऱ्या. मामी मुसळावरची नजर न काढता त्यांना "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) म्हणते आणि त्या आपल्या डब्याजवळ बसून राहतात. आपली चटणी सोडून कुणी उठत नाही, मग ती कुठल्या का भाषेची असेना.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मी वर्कशॉपवाल्याला विचारलं, "मोटर किती वेळात निघेल?" त्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "मॅडम, काढायची कशाला? दहा वर्षं चालंल." मग भिंतीवरच्या रेघांचे फोटो दाखवले. त्या माणसानं पुढं जे ऐकून घेतलं, त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. मोटर आतल्या बाजूला पक्की बोल्ट केलेली असते, ती त्यानं बाहेरच्या बाजूला, सरकत्या पट्टीवर बसवली. चार बोल्ट, चारही एकाच मापाचे, सतरा नंबरचा पाना. वायर थेट न जोडता मोठा प्लग लावला, म्हणजे ओढला की सुटला. स्टार्टर आणि बोर्ड जमिनीपासून साडेसात फुटांवर नेले, मामी स्टुलावर चढून बटण दाबते. तुळईला अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, टांगला. मोटर चाळीस किलोच्या आसपास आहे. मामी साठीची, नात चौदाची. दोघींना ती माळ्यावर घेता आली पाहिजे, अशी माझी अट होती. चौकट आणि उखळं बुडाली तर बुडू देत, त्यांना धुता येतं.

आधी मला कट्टा उंच करावा असं वाटलं होतं. अडीच फुटांचा केलाही असता. पण तिसऱ्या रेघेसमोर अडीच फूट काय करणार? आणि कट्टा जितका उंच तितकं मशीन जास्त हादरतं. फूटभर काँक्रीट घालून त्यात बोल्ट पुरले, तेवढं पुरे झालं.

दोष आहेत, आणि काही गंभीर आहेत.

सगळ्यात मोठा हा की मशीन आलं तेव्हा पट्ट्याला जाळी नव्हती. उघडा पट्टा, आणि त्याच्या बाजूला लुगडं नेसून वाकणारी बाई. वर्कशॉपवाल्याला विचारलं तर म्हणाला, कुणी मागत नाही. याचा मला आजही राग येतो. ज्या मशीनवर बहुतेक बायकाच काम करतात, त्याला जाळी मागावी का लागते? मी आमच्या फाउंड्रीतून पत्रा कापून जाळी करून घेतली, अठराशे रुपये. तुम्ही घेणार असाल तर जाळी लागल्याशिवाय पैसे पुरे देऊ नका.

दुसरा, मुसळ ज्या नळीतून खाली-वर होतं तिथलं ग्रीस पहिल्या आठवड्यात थेंबाथेंबानं उखळात उतरायला लागलं. मामीनं बघितलं म्हणून बरं, नाहीतर खाणाऱ्याला कळलं नसतं. एका गिऱ्हाइकाची तीन किलो चटणी टाकून द्यावी लागली, ती मामीनं स्वतःच्या मिरचीची भरून दिली. नंतर नळीच्या तोंडाला चामड्याचा वायसर बसवला आणि ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावायचं ठरवलं. तेव्हापासून त्रास नाही, पण वायसर दर हंगामाला बदलावा लागतो.

तिसरा, एप्रिल-मे मध्ये व्होल्टेज पडलं की सिंगल फेज मोटर गुरगुरते आणि कपॅसिटर जातो. दोन वेळा गेला. एक कपॅसिटर घरात ठेवावाच. आवाज तर आहेच, धप धप दिवसभर, शेजारच्या घरातली भांडी वाजतात. दुपारी दोन ते चार मामी बंद ठेवते, शेजारची म्हातारी झोपते म्हणून. खकाण्यासाठी खिडकीत पंखा लावला तरी मामीला हंगामभर खोकला असतो. ओला रुमाल बांध म्हटलं तर बांधत नाही. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

पैशाचं सांगते, कारण आपल्या माणसाला मदत करताना हेच कुणी उघड बोलत नाही. मशीन 52,000, स्टीलच्या उखळांचे जादा 9,000, मोटर 13,500, काँक्रीट आणि टेम्पो 7,500, चेन ब्लॉक 4,200, जाळी 1,800, पंखा 2,000. एकूण 90,000. यातले 40,000 मामीनं बायकांच्या संघातून उचलले. 20,000 तिचे स्वतःचे, विड्यांच्या कामाचा पीएफ, जो तिनं इतकी वर्षं हात न लावता ठेवला होता. 30,000 माझे.

मी तीसच्या ऐवजी नव्वद देऊ शकले असते, थोडी ओढाताण करून. द्यायचेच म्हणून गेले होते. मामीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू दिलंस तर मशीन तुझं हुतंय. मग मी तुझ्याकडं कामाला." मला वाईट वाटलं, रात्रभर झोप आली नाही. सकाळी ती वही घेऊन बसली आणि म्हणाली, "लिव्ह, तीस हजार, म्हैन्याला पंधराशे." मी लिहिलं. खाली तिनं सही केली. वीस महिन्यांत तिनं ते फेडले, दोनदा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात दुप्पट दिला. मी एकदाही नको म्हटलं नाही. ते पैसे घेणं मला देण्यापेक्षा जड गेलं, पण घेतले.

2022 च्या पहिल्या हंगामात 1,140 किलो कुटलं, किलोला 40 रुपयांनी 45,600. त्यातून लाईट बिल 3,400, पट्टा-ग्रीस-कपॅसिटर 1,150, हाताखालच्या पोरीला 9,000. मामीच्या हातात 32,050. 2023 ला 45 च्या दरानं 1,620 किलो. 2024 ला दर 50 केला, मला भीती होती गिऱ्हाईक तुटेल, पण 1,910 किलो झालं. हे आकडे आमच्या एका गावचे, मामीच्या हाताचे आहेत. बाजारपेठेच्या गावात चार कांडपं शेजारी-शेजारी असतात, तिथं असं होईलच असं नाही.

आणि 2024 चा जुलै. पावसाचा जोर वाढला, दूधगंगा-वेदगंगेवरचे बुटके पूल एकामागून एक पाण्याखाली जायला लागले. मी बेळगावात, ऑफिसात. दुपारी नातीचा फोन आला, मागं मामीचा आवाज ऐकू येत होता. "आत्या, पाणी वडाच्या पारापर्यंत आलंय. आज्जी म्हणती, आता काढायची." मी म्हटलं काढा, फोन ठेवू नकोस. फोन गिरणीत कुठंतरी ठेवून त्यांनी काम केलं. मला फक्त आवाज येत होते. प्लग ओढल्याचा. पाना दोनदा खाली पडल्याचा. मग साखळीचा खडखड, खडखड, मध्ये थांबून पुन्हा. मी घड्याळाकडं बघत होते. पस्तीस मिनिटांनी नात फोनवर आली, धापा टाकत, "चढली."

पाणी त्या वेळी गिरणीत दोन फूट आलं. चौथी रेघ आता पहिलीच्या थोडी वर आहे, नातीनं ओढलेली. उखळं धुतली, शाफ्टला तेल दिलं, मोटर खाली उतरवली. पाणी ओसरल्याच्या तिसऱ्या दिवशी कांडप फिरलं, कुटायला काही नव्हतं तरी मामीनं फिरवून बघितलं. गिरणीची मोठी मोटर मात्र अजून जुन्याच पद्धतीनं बसलेली आहे, तिला पाणी लागलं आणि ती पुन्हा रिवाइंडिंगला गेली. तीसुद्धा सरकत्या पट्टीवर घ्यायची आहे, यंदाच्या दिवाळीनंतर.

पाच पैकी चार तारे देते. एक जाळीसाठी कापला. मशीन घेताना वर्कशॉपवाल्याला सांगा की तुमच्यासमोर एकदा मोटर सोडवून दाखव, आणि घरातल्या ज्या बाईला ते चालवायचं आहे तिच्या हातून एकदा सोडवून घ्या, माझ्या-तुमच्या हातून नको. सतरा नंबरचे दोन पाने घ्या. आमच्याकडं एक दाराच्या मागं खिळ्याला सुतळीनं बांधलेला आहे, दुसरा माळ्यावर.